परतीचा पाऊस आणि आगाऊ घेतलेला पैसा

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-वाकिआमध्ये अल्लाहने शेतकऱ्याला एक प्रश्न विचारला आहे. तुम्ही जे बी पेरता त्याचे पीक तुम्ही उगवता की उगवणारे आम्ही आहोत, असा त्याचा आशय आहे. हा भाग आपल्या प्रवचनांतून वारंवार ऐकू येतो. परंतु त्याच्या पुढच्या आयतींकडे आपले लक्ष तितकेसे जात नाही. आम्ही इच्छिले असते तर त्या पिकाचा भुगा करून टाकला असता आणि तुम्ही हळहळत म्हणत राहिला असता की आम्ही देण्यात बुडालो, आम्ही तर वंचित राहिलो, असे तेथे सांगितले आहे. ‘देण्यात बुडालेले’ यासाठी मूळ अरबीत ‘मुग्रमून’ हा शब्द आला आहे. पीक गेल्यावर शेतकऱ्याच्या तोंडी पहिला उद्गार भुकेचा येत नाही, देण्याचा येतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्याने दुसऱ्याचा पैसा घेऊन पेरणी केली आहे त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

आज ज्या व्यवहाराविषयी लिहावयाचे आहे तो नेमका असा आहे. सभासदांच्या आधारावर चालणारी भाजीची लहान शेती आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या आसपास अपरिचित राहिलेली नाही. शहरातील काही कुटुंबे एकत्र येतात, हंगामाच्या आरंभी शेतकऱ्याला पैसे देतात आणि त्याबदल्यात दर आठवड्याला त्याच्या शेतातील ताज्या भाजीची एक टोपली घरी घेतात. जपानमध्ये १९७०च्या दशकात रासायनिक औषधांच्या भीतीने ग्राहकांनी, विशेषतः गृहिणींनी, शेतकऱ्यांशी थेट नाते जोडले. त्या पद्धतीला तेथे ‘तेइकेई’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतील दोन शेतांवर असाच प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो पसरला. या सर्वांमागची कल्पना एकच. शेतीतील जोखीम एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर न राहता, जे खातात त्यांनीही ती वाटून घ्यावी.

कल्पना चांगली आहे यात शंका नाही. सावकार आणि आडत्या यांच्यामध्ये सापडलेल्या लहान शेतकऱ्याला बिनव्याजी भांडवल मिळते, ही गोष्ट मुस्लिमांना तर अधिकच मोलाची वाटली पाहिजे. मात्र तिची खरी परीक्षा शरदात होते. ती कशी होते, हे शहरातील वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

समजा, एक एकराच्या अशा शेताला तीस कुटुंबे जोडलेली आहेत. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या प्रारंभापर्यंत बारा आठवड्यांच्या टोपल्यांसाठी प्रत्येकाने ऑगस्टमध्ये सहा हजार रुपये दिले. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती एक लाख ऐंशी हजार रुपये आले आणि एका टोपलीची किंमत पाचशे रुपये पडली. पैसे बियाण्यात, खतात, ठिबकच्या नळ्यांत आणि मजुरीत गेले. त्याने मेथी, पालक, कोथिंबीर दर आठ-दहा दिवसांनी थोडी थोडी पेरली, जेणेकरून प्रत्येक आठवड्याला कोवळा पाला मिळावा. कोबी, फ्लॉवर आणि टोमॅटोची रोपे तयार करून सप्टेंबरअखेर लावली. आता तो हस्त नक्षत्राच्या आभाळाकडे पाहत बसला आहे. हवामान खात्याच्या २०२०पासूनच्या वेळापत्रकानुसार मोसमी पाऊस १७ सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून माघारी निघतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईतून निरोप घेतो. कागदावर तो निरोप सरळ असतो. प्रत्यक्षात दुपारी ऊन तापते, चार वाजता ढग दाटतात आणि तासाभरात वाफ्यांतून पाणी वाहू लागते. काळ्या जमिनीत हे पाणी साचून राहते, दिवसेंदिवस वाफसा येत नाही. मेथी पिवळी पडून कुजते, कोथिंबीर मान टाकते, टोमॅटोवर करपा चढतो. चौथ्या आणि पाचव्या आठवड्याची टोपली रिकामी राहते. तीस कुटुंबांच्या दोन टोपल्या, म्हणजे तीस हजार रुपयांची भाजी, मातीत गेली.

हे तीस हजार रुपये कोणाचे? शेतकऱ्याने ते परत करावेत की ठेवून घ्यावेत? सभासदाने ते मागावेत की सोडून द्यावेत?

शेतकरी म्हणतो की सर्वांनी जोखीम वाटून घ्यावयाची असे आधीच ठरले होते. सभासद म्हणतो की मी भाजीचे पैसे दिले आहेत, चिखलाचे नव्हे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच केवळ ‘ठरले होते’ एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. दोघांच्या संमतीने ठरलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य असतेच असे इस्लाम मानत नाही. व्याजही दोघांच्या संमतीनेच ठरते.

या बाबतीत मदीनेचे उदाहरण आपल्या फार जवळचे आहे. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी कथन केले आहे की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात लोक झाडावरची फळे तयार होण्यापूर्वीच विकत आणि विकत घेत. तोडणीची आणि वसुलीची वेळ आली की खरेदीदार तक्रार घेऊन येई. फळ सडले, त्याला अमुक रोग पडला, तमुक कीड लागली. हजरत जैद (रजि.) यांनी त्या रोगांची नावेदेखील सांगितली आहेत. आज आपला शेतकरी करपा, भुरी, मर म्हणतो तशीच ती नावे आहेत. असे तंटे फार वाढले तेव्हा प्रेषितांनी (स.) फळ तयार झाल्याचे स्पष्ट दिसेपर्यंत त्याचा सौदा न करण्याचा सल्ला दिला. या हदीसमध्ये शेतकऱ्याविषयीचा अविश्वास नाही की खरेदीदाराविषयीचाही नाही. जे अद्याप आकाराला आलेले नाही त्यावर पैसा बांधला की भली माणसेही भांडू लागतात, हे मानवी स्वभावाचे ज्ञान तीत आहे.

आणि सौदा झालाच असेल आणि वर आपत्ती कोसळली तर? हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या वचनाचा आशय असा आहे की, तू आपल्या भावाला फळे विकलीस आणि त्यांवर आपत्ती आली तर त्याच्याकडून काही घेणे तुला वैध नाही, हक्काशिवाय आपल्या भावाचा पैसा तू कशाच्या बदल्यात घेणार? इमाम मालिक (रह.) यांनी फळांच्या बाबतीत एक-तृतीयांश किंवा त्याहून अधिक नुकसानीला आपत्ती मानले आणि तेवढी रक्कम खरेदीदाराला माफ व्हावी असे सांगितले. हनफी विद्वानांनी माल ताब्यात दिल्यानंतरच्या नुकसानीत सूट देणे हे सक्तीचे न मानता सौजन्याचे मानले आहे. या मतभेदाच्या खोलात जाण्याचे हे स्थान नाही. परंतु आपल्या उदाहरणात भाजी अजून सभासदाच्या ताब्यात गेलेलीच नव्हती, ती शेतातच होती. तेव्हा शेतकरी जर केवळ विक्रेता असेल, तर तीस हजार रुपये ठेवून घेण्यास त्याच्याजवळ कोणत्याही मतानुसार आधार उरत नाही असे मला वाटते.

येथे कोणी म्हणेल की इस्लामने आगाऊ पैसे देण्यास परवानगी दिलेली आहे. होय, दिली आहे. प्रेषित (स.) मदीनेस आले तेव्हा तेथील लोक एक, दोन, कधी तीन वर्षांच्या फळांसाठी आगाऊ रक्कम देत असत. प्रेषितांनी (स.) ती पद्धत मोडून काढली नाही. माप निश्चित, वजन निश्चित आणि मुदत निश्चित असावी, अशी अट घातली. यालाच ‘सलम’ म्हणतात आणि लहान शेतकऱ्यासाठी ती फार मोठी सवलत आहे. मात्र सलममध्ये शेतकऱ्याने अमुक प्रतीचा, अमुक वजनाचा माल देण्याची हमी घेतलेली असते. त्याच्या शेतात पिकला नाही तर त्याने बाजारातून आणून द्यावा लागतो. म्हणूनच फिक्हच्या विद्वानांनी एखाद्या ठरावीक लहान बागेच्याच फळावर सलम करण्यास मनाई केली, कारण ती बाग त्या वर्षी फळलीच नाही तर काय? आणि आपल्या टोपलीचे सारे आकर्षण तर ‘याच शेतातली भाजी’ या शब्दांत आहे. तिच्यात वजन निश्चित नाही, भाजीही निश्चित नाही. जे निघेल ते मिळेल. त्यामुळे या व्यवहाराला सलमचे नाव देऊन मोकळे होता येत नाही.

मग उरते ती भागीदारी. सभासद हा खरेदीदार नसून त्या हंगामापुरता शेतकऱ्याचा भागीदार आहे, त्याने भांडवल दिले आणि शेतकऱ्याने जमीन व श्रम दिले, असे मानले तर रिकाम्या टोपलीचा प्रश्न आपोआप सुटतो. भागीदार नुकसान सोसतोच. प्रेषितांनी (स.) खैबरची जमीन तेथील लोकांना निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर कसण्यास दिली होती. जे निघेल त्याचे अर्धे. कमी निघाले तर दोघांना कमी, जास्त निघाले तर दोघांना जास्त. त्याउलट, हजरत राफे बिन खदीज (रजि.) यांनी मदीनेतील एका जुन्या चालीविषयी सांगितले आहे. जमीनमालक पाटालगतच्या तुकड्याचे पीक स्वतःसाठी राखून ठेवी आणि उरलेला भाग कुळाला देई. कधी हा तुकडा बुडे आणि तो वाचे, कधी तो बुडे आणि हा वाचे. प्रेषितांनी (स.) ही चाल बंद केली. दोन्ही व्यवहारांत जमीन तीच, श्रम तेच, अनिश्चितताही तीच. पहिल्यात आभाळाचा निर्णय दोघांवर सारखा लागू होता, दुसऱ्यात एकाने ओलाव्याची जागा आधीच पकडून ठेवली होती.

या कसोटीवर आजच्या टोपलीचा व्यवहार घासून पाहा. शेतकऱ्याने सभासदांना भागीदार म्हटले ते नुकसान वाटण्यासाठी. मग लाभ वाटण्याच्या वेळी ते कोण असतात? ज्या ऑक्टोबरमध्ये सभासदांची मेथी कुजली, त्याच महिन्यात इतरांचीही कुजलेली असते आणि बाजारात जुडीचा भाव चढलेला असतो. उंचावरच्या दोन वाफ्यांत थोडी मेथी वाचली आहे. ती टोपल्यांत घातली तर तीस घरांना मूठ मूठ मिळेल. मंडईत नेली तर रोख पैसा मिळेल, आणि ‘या आठवड्यात पावसाने काही राहिले नाही’ असा निरोप सभासदांना पाठविला तर त्याची शहानिशा कोणी करणार नाही. नोव्हेंबरमध्ये थंडी पडते, पाला भरभरून येतो, टोपलीत मावत नाही. तो अधिकचा माल विकून आलेला पैसा एकट्या शेतकऱ्याचा कसा? फिक्हचा एक सर्वमान्य नियम आहे की लाभ त्याचा, ज्याच्यावर तोट्याची जबाबदारी. अरबीत तोट्यासाठी ‘गुर्म’ हा शब्द आहे, ज्या धातूपासून सूरह अल्-वाकिआतील ‘मुग्रमून’ आला. तोट्याला भागीदार आणि नफ्याला परके, हा प्रकार पाटालगतच्या तुकड्याहून वेगळा नाही. फरक इतकाच की येथे ओलाव्याची जागा मालकाऐवजी कसणाऱ्याने पकडली आहे, आणि गरिबाने पकडली म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

सभासदाचेही हिशेब याच मापाने मोजले पाहिजेत. भागीदार म्हणवून घेणाऱ्या किती जणांनी ते शेत पाहिले आहे? नोव्हेंबरमध्ये मंडईत मेथीची जुडी मातीमोल होते, शेतकरी जुड्या रस्त्यावर टाकून निघून जातात. त्या आठवड्यात हाच सभासद हिशेब मांडतो की बाहेर एवढ्या पैशांत दुप्पट भाजी आली असती, आणि पुढच्या हंगामाला नाव काढून घेतो. पानाला भोक दिसले की तक्रार, आणि भोक दिसले नाही की औषध मारल्याचा संशय! ज्याला दर आठवड्याला बाजारभावाशी तुलना करावयाची आहे त्याने खुशाल बाजारात जावे, त्यात काही पाप नाही. परंतु मग त्याने शेतकऱ्याचा आधार असल्याचे समाधान मिरवू नये.

प्रामाणिक भागीदारीला उघडा हिशेब लागतो. खैबरच्या पिकाचा अंदाज घेण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांना पाठविले. तेथील लोकांनी त्यांना लाच देऊ केली. ती नाकारून त्यांनी पिकाचा अंदाज सांगितला आणि म्हटले की या अंदाजाने हवे तर तुम्ही घ्या, हवे तर आम्ही घेतो. ज्याला आपलाच अंदाज उलट बाजूने स्वीकारावयाची तयारी आहे त्याचा अंदाज कोण नाकारील? शेतकऱ्याने किती वाफे पेरले, किती बुडाले, किती निघाले आणि कोठे गेले, हे तीस कुटुंबांना दर आठवड्याला कळले पाहिजे. बाजारातून आणलेले वांगे आपल्या टोपलीत घालावयाचे असेल तर तसे सांगून घालावे. न सांगता घातलेले वांगे कितीही ताजे असले तरी ती फसवणूक आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) विक्रेत्याला दाखविला होता, तो प्रसंग आपणांस माहीत आहेच.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक नुकसान आभाळाच्या माथी मारता येत नाही. काळ्या जमिनीत गादीवाफे न करता सपाट वाफ्यात मेथी पेरली, पाण्याला वाट काढून दिली नाही, करपा दिसत असता रोगट पाने वेचली नाहीत, सर्व पेरणी एकाच आठवड्यात उरकून टाकली, आणि मग ‘अल्लाहची मर्जी’ म्हटले, तर तो अल्लाहवरील भरवसा नव्हे. उंटाला आधी बांधावे आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. भागीदारीच्या नियमांतही भांडवल सांभाळणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान त्याचे एकट्याचे असते. तेव्हा त्या तीस हजारांपैकी किती पावसाने नेले आणि किती आळसाने, हे ठरविण्याचे काम शेवटी शेतकऱ्याच्या ईशभयावरच सोपवावे लागते, कारण तो चर किती खोल होता हे त्याच्याशिवाय फक्त अल्लाहला ठाऊक आहे.

आतापर्यंत आपण दोघांचाच विचार केला. परंतु या शेतात आणखीही हक्कदार आहेत. सूरह अल्-अनआममध्ये पिकाचा हक्क तोडणीच्याच दिवशी देण्याची आज्ञा आली आहे. भाजीपाल्यावर उश्र आहे की नाही याबद्दल मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा (रह.) जमिनीतून निघणाऱ्या भाजीवरही तो मानतात, तर त्यांचे दोन्ही शिष्य, तसेच इमाम मालिक (रह.) आणि इमाम शाफई (रह.), न टिकणाऱ्या भाजीवर तो मानत नाहीत. आपण कोणत्याही मताचे अनुसरण करा, पण सूरह अल्-कलममधील बागवाल्यांची हकीगत एकदा वाचा. त्यांनी पहाटेच फळ तोडण्याचे ठरविले ते एवढ्याचसाठी की त्या दिवशी कोणी गरीब बागेत येऊ नये. टोपल्यांची पद्धत ही एका अर्थाने तशीच बंदिस्त बाग आहे. सगळे पीक आधीच वाटून गेलेले असते, प्रत्येक जुडीवर कोणा सभासदाचे नाव असते, आणि दारात आलेल्याला देण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती स्वतःचे असे काही उरत नाही. त्या बागवाल्यांचा हेतू वाईट होता, येथे कोणाचाच हेतू वाईट नाही. तरीही गरिबाला दार बंदच आढळते. तीस टोपल्या भरताना एकतिसावी भरता येईल का, हा प्रश्न हंगामाच्या आरंभीच सर्वांनी मिळून विचारला पाहिजे, कारण नंतर एकट्या शेतकऱ्याला तो अधिकार राहत नाही.

आणि त्या स्त्रिया, ज्या खुरपणीला आणि तोडणीला येतात? पाऊस लागला की काम बंद आणि काम बंद की रोज बंद. शेतकरी आणि सभासद यांनी जोखीम वाटून घेतली असे आपण म्हणतो तेव्हा तिचा सर्वांत कडू घास कोणाच्या ताटात पडला हे पाहत नाही. त्यांना नफ्यात वाटा नाही, टोपली नाही, करारात नावही नाही. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे सहीह बुखारीच्या हदीसमध्ये आहे. न केलेल्या कामाची मजुरी देणे बंधनकारक आहे असे मी म्हणत नाही. परंतु तीस सुस्थित कुटुंबांनी जोखीम वाटण्याच्या नावाने पैसे गोळा केले, तर ज्यांच्याजवळ दुसऱ्या दिवसाचे पीठ नाही त्यांच्यासाठी त्यातून काही बाजूला काढणे अवघड नाही. प्रत्येक टोपलीमागे दहा रुपये ठेवले तरी बारा आठवड्यांत तीन हजार सहाशे रुपये जमतात.

सूरह अल्-बकरातील सर्वांत मोठी आयत मुदतीच्या देण्याघेण्याचे लेखन करण्याविषयी आहे. लहान असो वा मोठे, लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नका, अशी ताकीद तीत आहे. ऑगस्टमध्ये पैसे हातात पडण्यापूर्वी एक कागद व्हावा. सभासद खरेदीदार आहेत की भागीदार, हे त्यात एका शब्दात लिहावे. खरेदीदार असतील तर टोपली रिकामी गेल्यास पैसे कसे आणि कधी परत होतील ते लिहावे. भागीदार असतील तर अधिकचा माल कोठे विकला जाईल, त्याचा पैसा कसा वाटला जाईल, वाफ्यांचा हिशेब कोण पाहील, दुर्लक्षाने झालेले नुकसान कोण ठरवील हे लिहावे. एकतिसावी टोपली लिहावी. आणि पावसाने काम बंद राहिले त्या दिवशी खुरपणीच्या स्त्रियांना काय द्यावयाचे, तेही लिहावे. अशा व्यवहारांचे जे काही कागद आजवर माझ्या पाहण्यात आले त्यांत पावसाचे कलम नेहमी असते, हे शेवटचे कलम मात्र एकाही कागदात नव्हते.